सीनाकाठच्या गावाचा २०४५ पर्यंतचा पाण्याचा हिशेब: उजनी शंभर टक्के धरून मांडायचा की कसा?

सीनाकाठ_मोहोळ (प्रश्न)

राम राम मंडळी. मोहोळ तालुक्यात सीनेच्या काठावर आमचं गाव. ग्रामपंचायत आणि पाणी वापर संस्था यांनी मिळून माझ्या गळ्यात एक काम घातलंय. २०४५ पर्यंत गावाला किती पाणी लागणार आणि ते कुठून येणार, याचं टिपण करून ग्रामसभेत वाचायचं. मीच का, तर बी.एस्सी. ॲग्री झालेला, पुण्याची नोकरी सोडून घरी आलेला आणि कुठल्याच गटात नसलेला असा दुसरा कोणी त्यांना सापडला नाही.

गावच्या शिवारात पडणाऱ्या पावसाचा हिशेब मी केलाय, तो आधी सांगतो. काही चुकलं असेल तर धरा.

शिवार साधारण २००० एकर, म्हणजे ८१० हेक्टर. आमच्याकडे सरासरी पाऊस ५४० मिलिमीटरच्या आसपास धरला. हेक्टरी एक मिलिमीटर म्हणजे दहा हजार लिटर, तेव्हा वर्षाला शिवारावर पडतं ४३७ कोटी लिटर. ऐकायला लई वाटतं. पण आमच्या कातळात त्यातलं दहा टक्के मुरलं तरी नशीब, बाकीचं मातीत ओल होऊन उडून जातं नाहीतर ओढ्याने सीनेला. म्हणजे विहिरी-बोअरला हक्काचं पाणी ४४ कोटी लिटर.

खर्चाची बाजू: माणसं तीन हजार, दरडोई ५५ लिटरने वर्षाला सहा कोटी. जनावरं बाराशेच्या घरात, त्यांचे दोन सव्वादोन कोटी. आठ गेले, उरले ३६ कोटी.

आता पाटाने भिजवलेल्या उसाला वर्षाला दोन हजार मिलिमीटर धरलं तर एकरी ८० लाख लिटर होतात. ३६ कोटींत बसतो ४५ एकर ऊस. ज्वारीला एक संरक्षित पाळी, पाऊण फूट नाही, तीन इंच, म्हणजे एकरी तीन लाख लिटर. त्याच ३६ कोटींत बाराशे एकर ज्वारीला एकेक पाणी होतं.

आणि गावात ऊस उभा आहे चारशे एकर.

हे सगळं चालतं ते भीमेवरच्या उजनी धरणाच्या जिवावर. भीमा-सीना जोडबोगद्यातून सीनेत पाणी सोडतात, बंधारे भरतात, काठच्या विहिरींना पाझर लागतो, मोटारी चालतात. माझी गाडी इथेच अडलीय. पुरवठ्याच्या रकान्यात उजनीचं काय लिहायचं? चेअरमन म्हणतात, "शंभर टक्के लिही, दहा वर्षांत सात-आठ वेळा भरतंच की." माझे वडील म्हणतात, काहीच लिहू नकोस, नदीचं पाणी आलं तर आपलं. तिसरे म्हणतात, कृष्णा-भीमा स्थिरीकरण, म्हणजे कृष्णेकडचं पाणी बोगद्याने भीमेत आणायची योजना, झालं की प्रश्नच मिटला, तेच पाणी धर आणि ऊस सहाशे एकर दाखव.

पोटात गोळा येतो तो २०२३-२४ आठवून. धरण साठ टक्क्यांच्या आसपास अडकलं, जानेवारीतच मृतसाठ्यात गेलं आणि जूनपर्यंत उणे साठवर आलं. आमच्याकडे त्या उन्हाळ्यात चाऱ्याच्या भावाने ऊस गेला. त्याच्या पुढच्याच वर्षी ऑगस्टच्या सुरुवातीला धरण भरलं. २०२५ च्या सप्टेंबरात तर सीनेने लांबोटीला पुणे-सोलापूर महामार्ग बंद पाडला आणि नदीकाठची माती खरवडून नेली. या तीन वर्षांची सरासरी काढली तर टिपण छान दिसेल, पण अशा सरासरीवर लागण कोण करणार?

तर सरळ विचारतो. कुठलं वर्ष धरून हिशेब मांडायचा? आणि पुढची मागणी कशी वाढवत न्यायची?

---

निवृत्त_शाखा_अभियंता

तुमचं गणित वाचून बरं वाटलं. बहुतेक लोक टीएमसीपासून (एक टीएमसी म्हणजे अब्ज घनफूट, सुमारे २८०० कोटी लिटर) सुरुवात करतात आणि टीएमसीतच बुडतात. मी नोकरीची बरीच वर्षं उजनीच्या कालव्यांवर काढली, म्हणून थोडं लांबून सांगतो.

आधी धरण नीट समजून घ्या. उजनीचा एकूण साठा ११७ टीएमसी. त्यातला उपयुक्त ५३.५७ आणि मृत, म्हणजे तळाचा, एरवी न वापरायचा, ६३.६६. पेपरात येणारे टक्के उपयुक्त साठ्याचे. म्हणून "उणे साठ टक्के" म्हणजे शून्याच्या खाली जाऊन मृतसाठ्यातलं ३२ टीएमसी उपसलं. उजनीची गंमत अशी की निम्म्याहून जास्त पाणी मृतसाठ्यात आहे आणि ते वापरायची सवय आपल्याला लागली आहे. पातळी फार खाली गेली की कालव्याला पाणी जात नाही, पण नदीतून जातं, उपसा योजनांना मिळतं. पण उणेमधून काढलेलं पाणी पुढच्या पावसाळ्याला आधी भरून द्यावं लागतं. उणे साठवर असलेल्या धरणात पहिले ३२ टीएमसी येतात तेव्हा पेपरात फक्त शून्य दिसतं. २०२४ ला घाटात पाऊस दणकून झाला म्हणून ते जाणवलं नाही. २०२३ सारखी दोन वर्षं लागोपाठ आली तर दुसऱ्या वर्षी काय, हे तुमच्या चेअरमनसाहेबांना विचारा.

दुसरं, उजनीचं पाणी सोलापूरच्या पावसाचं नाही. मुळा-मुठा, इंद्रायणी, भामा, घोड यांच्या खोऱ्यांतली धरणं भरून वाहायला लागली की ते दौंडवरून येतं. आपल्याकडे जुलै-ऑगस्टला प्रत्येकाच्या मोबाइलवर "दौंड विसर्ग" येतो तो त्यासाठीच. म्हणजे आपल्या पुरवठ्यावर पहिला हात वरच्यांचा. त्याहून वर, घाटमाथ्यावरच्या टाटांच्या धरणांतून वीजनिर्मितीसाठी भीमा खोऱ्याचं सुमारे ४० टीएमसी पाणी पश्चिमेला कोकणात उतरतं. त्यावर वाद जुना आहे. त्यातलं काही परत मिळालं तर आनंदच, पण तुमच्या रकान्यात ते आज लिहू नका. स्थिरीकरणाचंही तसंच. जे पाणी अजून बोगद्यातून आलेलं नाही, त्याच्यावर ऊस लावलेला मी पाहिला आहे. योजना रेंगाळते, ऊस थांबत नाही.

आता मुख्य प्रश्न, कुठलं वर्ष. आपल्याकडे सिंचन प्रकल्प ७५ टक्के विश्वासार्हतेवर आखतात. साध्या भाषेत, चार वर्षांतून तीन वर्षं ठरलेलं पाणी मिळेल आणि एक वर्ष मिळणार नाही, हे आखणीतच गृहीत आहे. म्हणजे चौथं वर्ष हा अपघात नाही, तो हिशेबातलाच आहे. आपण मात्र दर वेळी आश्चर्य करतो.

म्हणून एक वर्ष निवडूच नका. पुरवठ्याचे तीन रकाने करा: भरलेलं वर्ष, अर्धं वर्ष आणि २०२३ सारखं वर्ष. आणि मागणीचे दोन ढीग करा. पहिला ढीग उभ्या मागणीचा: माणसं, जनावरं, ऊस, डाळिंब, द्राक्षं, लिंबू. हे एकदा लावलं की मध्येच पाणी तोडता येत नाही, तोडलं तर पीकच जातं. दुसरा ढीग हंगामी मागणीचा: ज्वारी, हरभरा, गहू, कांदा, मका, उन्हाळी भुईमूग. हा ढीग दर ऑक्टोबरला लहानमोठा करता येतो.

नियम एकच ठेवा. उभ्या मागणीचा पूर्ण ढीग २०२३ सारख्या वर्षात बसला पाहिजे. हंगामी ढीग मग १५ ऑक्टोबरचा साठा बघून ठरवा. कालवा सल्लागार समितीची बैठक त्याच सुमारास होते, कालव्याची आवर्तनं, म्हणजे पाण्याच्या पाळ्या, किती ते तेव्हा कळतं. भरलेल्या वर्षात रब्बी झकास काढा, उन्हाळी घ्या, पैसा करा. वाईट वर्षात रब्बीला एक पाणी आणि बस्स.

आपल्या खोऱ्यात नेमकं उलटं झालंय. उजनी आखली आठमाही. उन्हाळ्याचे चार महिने कालव्याला पाणी नाही असं धरून. तिच्यावर उभं राहिलं बारमाही पीक, आणि तेही अडसाली. अडसालीची लागण जुलै-ऑगस्टात. त्या वेळी धरण भरणार की नाही, हे कोणालाच माहीत नसतं. आणि तो ऊस सोळा-अठरा महिने उभा, म्हणजे मधला अख्खा उन्हाळा त्याच्या पोटात. जुलै २०२३ ला ज्यांनी लागण केली त्यांनी २०२४ च्या एप्रिल-मेचं पाणी तेव्हाच मागून ठेवलं होतं. पुरवठा कळायच्या आधी मागणी पक्की झालेली. २०४५ ची मागणी सोडा, दर वर्षी जुलैत आपण पुढच्या उन्हाळ्याची मागणी डोळे झाकून ठरवतो.

मागणीचा खरा आकडा कुठून काढायचा, हेही सांगतो. आमच्या काळी नमुना नंबर ७ वर, म्हणजे पाणी मागणीच्या फॉर्मवर, जेवढे अर्ज येत, त्याच्या कितीतरी पट क्षेत्र भिजलेलं असायचं. तलाठ्याच्या दप्तरावर किंवा ई-पीक पाहणीवर पूर्ण विसंबू नका. तुमच्या भागातल्या कारखान्यांच्या शेतकी विभागाकडे लागण नोंदीची यादी असते. उसाचा सगळ्यात खरा आकडा तिथे, कारण तोडीचा नंबर त्यावर लागतो. ती यादी मिळवा.

---

पंढरपूर_वाखरी

साहेबांचं सगळं बरोबर असेल, पण ऊस लावू नका म्हणणारे सगळे पेन्शनवाले कसे असतात, हे मला पडलेलं कोडं आहे. राग मानू नका.

माझं पाच एकर. २०२३ ला कांदा केला होता. डिसेंबरात केंद्राने निर्यात बंद केली, सोलापूरच्या बाजारात भाव कसा कोसळला ते सगळ्यांनी बघितलंय. त्याआधी डाळिंब होतं, तेल्या रोगाने गेलं, बाग काढली. ज्वारी करावी तर काढणीला माणूस मिळत नाही. बायका म्हणतात ज्वारी काढून हात सोलतात, आम्ही खुरपायला जाऊ. मका केली, लष्करी अळी.

उसाचं काय आहे? एफआरपी, म्हणजे कारखान्याने द्यायचा किमान दर, कायद्याने ठरलेली. सोसायटी त्याच्यावर कर्ज देते. वादळात पडला तरी उठतो, आठ दिवस पाणी चुकलं तरी मरत नाही, चोरून कोणी नेत नाही. बिल उशिरा येतं, एका कारखान्याने माझं दीड वर्ष थकवलं होतं, पण आलं. कांद्याचं कोण देणार?

तुम्ही पाण्याचा हिशेब करताय, शेतकरी जोखमीचा करतो. त्याच्या हिशेबात पाणी फुकट आहे आणि भाव महाग आहे. तो हिशेब बदलल्याशिवाय तुमचे दोन ढीग ग्रामसभेत कोणी ऐकून घेणार नाही. आणि अडसालीच का? कारण टनेज. 'सुरू' उसाला, म्हणजे जानेवारी-फेब्रुवारीच्या लागणीला, अडसालीचं टनेज पडत नाही, आणि खोडव्यासाठी, म्हणजे तोडीनंतर फुटणाऱ्या पिकासाठी, बुडखा तसा जोमदार लागतो. आमच्याकडे लोक उगाच अडसाली करत नाहीत.

ठिबकाचं म्हणाल तर मी केलंय. पाणी वाचलं हे खरं.

---

सीनाकाठ_मोहोळ

वाखरीकर दादा, तुमचं म्हणणं मी टिपणात जसंच्या तसं घालणार आहे, कारण ग्रामसभेत पहिला प्रश्न हाच येणार.

ठिबकाबद्दल मात्र आमच्या गावचं सांगतो. आमच्याकडे निम्म्याहून जास्त उसाला ठिबक आहे. एकरी पाणी कमी झालं, यात शंका नाही. पण नदीतून उचललेलं पाणी कमी झालं का? ज्याचा चार एकर भिजत होता त्याचा सहा एकर भिजायला लागला. पाइपलाइन लांब गेली, माळावर ऊस आला. आधी पाटाचं जास्तीचं पाणी निदान खालच्या विहिरीत तरी मुरायचं. वाचलेल्या पाण्याचं काय करायचं हे आधी ठरवलं नाही, तर ठिबक म्हणजे ऊस वाढवायचं यंत्र होतं. अनुदान घेताना हे कोणी लिहून घेत नाही.

साहेब, उभी मागणी आणि हंगामी मागणी हे डोक्यात बसलं. आकडे टाकून बघतो. पण एक शंका. सीनेत बोगद्याने येणाऱ्या पाण्यावर आमच्या गावाचा हक्क असा किती? लेखी काही आहे का? आम्ही नदीला मोटार टाकतो, परवाना आहे, पण पाणी येतं तेव्हा वरची गावं आधी ओढतात आणि आमच्यापर्यंत येईतो आठवडा जातो. वीज तर त्या दिवसांत दोन तासांवर आणतात.

---

दक्षिण_कसबा

मी सोलापूर शहरातली. शेतीतलं कळत नाही, पण शहराचा हिशेब तुमच्या टिपणात यायला हवा, कारण तो तुम्हाला लागून आहे.

२०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या साडेनऊ लाख. आज दहा लाख धरा. दरडोई १३५ लिटर, म्हणजे दिवसाला साडेतेरा कोटी लिटर, वर्षाला सुमारे पावणेदोन टीएमसी. एवढीच गरज. आमच्या नळाला पाणी येतं मात्र चार-पाच दिवसांआड. माझ्या सासूबाईंनी पाण्याच्या दिवशी कधी लग्नाचं आमंत्रण स्वीकारलेलं नाही.

आता हे पावणेदोन टीएमसी पोहोचवायला वर्षानुवर्षं काय केलं? भीमेतून उजनीचं पाणी सोडायचं, शंभर किलोमीटरहून जास्त वाहत ते औजच्या बंधाऱ्यात यायचं आणि तिथून उचलायचं. एका वेळी पाच-सहा टीएमसी सोडायचं, वर्षातून तीन-चार वेळा. शहराच्या नावावर पंधरा-वीस टीएमसी निघतं आणि शहर पितं त्याचा एक तुकडा. बाकीचं कुठे जातं? वाळूत, उन्हात आणि नदीकाठच्या मोटारींत. कोणी चोरतं असं मी म्हणत नाही, काठावरची गावं त्याच पाण्यावर जगतात. पण कागदावर ते "सोलापूर पिण्याचं पाणी" असतं.

आता समांतर जलवाहिनी आली आहे, १७० एमएलडीची (दिवसाला १७ कोटी लिटर), उजनीपासून थेट. ती पूर्ण क्षमतेने चालली की शहरासाठी नदीत पाणी सोडायचं कारणच उरत नाही. आमचं भलं होईल. पण भीमाकाठच्या ज्या गावांचे बंधारे आमच्या नावाच्या पाण्याने भरत होते, त्यांच्या २०४५ च्या हिशेबात ते पाणी आहे का? असेल तर ते कोणाच्या नावावर? सीनेवर तुमचंही असं काही "दुसऱ्याच्या नावाचं" पाणी येत असेल, तर ते वेगळं लिहा. ज्या दिवशी ते नाव पुसलं जाईल, त्या दिवशी पाणीही जाईल.

---

निवृत्त_शाखा_अभियंता

ताईंनी फार मोलाचं सांगितलं. नोकरीत असताना हे बोलता येत नव्हतं.

सीनाकाठ, तुमच्या शंकेचं उत्तर तेच आहे. नदीवरच्या वैयक्तिक उपशाच्या परवान्यात क्षेत्र असतं, अश्वशक्ती असते. पाणी कोणत्या वर्षी किती मिळेल याची हमी त्यात नसते. २००५ च्या महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरण कायद्यात पाण्याचे हक्क घनमापनाने ठरवायची तरतूद आहे, आणि टंचाईच्या वर्षी खोऱ्यातल्या वरच्या-खालच्या सगळ्यांनी तूट समान वाटून घ्यावी हेही तत्त्व आहे. जायकवाडीसाठी नगर-नाशिकच्या धरणांतून पाणी सोडलं जातं ते याच कायद्याच्या आधारावर, दर वेळी भांडून का होईना. आपल्या भीमा खोऱ्यात पुणे विरुद्ध सोलापूर हा वाद अजून मुख्यतः आंदोलनांवर चालतो. २०२१ ला उजनीतून इंदापूरला पाच टीएमसी देण्याचा आदेश निघाला आणि गदारोळ होऊन महिन्याभरात रद्द झाला. पुढच्या वर्षी उजनीवरच्या लाकडी-निंबोडी उपसा योजनेवरून पुन्हा तेच. आदेश काढूनही हिशेब बसत नाही, रद्द करूनही बसत नाही.

वरून येणारं पाणी पुढे कमी होणार, हे मात्र धरून चाला. खडकवासला साखळीतल्या चार धरणांत मिळून २९ टीएमसी मावतं आणि पुणे महापालिकेची मागणीच वीसच्या पुढे गेली आहे. पुण्यातल्या मुंढव्याहून साडेसहा टीएमसी प्रक्रिया केलेलं सांडपाणी बेबी कालव्यात शेतीला द्यायचं ठरलं होतं. शहर पितं त्यातलं बरंचसं पाणी परत नदीत येतं, तेव्हा आकड्यापेक्षा ते कसं येतं हा प्रश्न मोठा. उजनीचं पाणी हिरवं का दिसतं ते सांगायची गरज नाही.

आणि बाष्पीभवन विसरू नका. उजनी उथळ आणि पसरट आहे. मे महिन्यात उघड्या पाण्याची पातळी दिवसाला सेंटीमीटरभर नुसती उन्हाने उतरते. तुमच्या बंधाऱ्यालाही तोच नियम. बंधाऱ्यात एप्रिल-मेसाठी पाणी राखून ठेवू म्हणाल, तर तुमच्याआधी ऊन पिऊन टाकेल. डिसेंबरात विहिरीत आणि मातीत गेलेलं पाणी जास्त कामाचं.

---

मालदांडी_मंगळवेढा

मंगळवेढ्याच्या काळ्या रानातून लिहितोय. आमच्या ज्वारीला जीआय (भौगोलिक) मानांकन आहे आणि तिला पाणी द्यावं लागत नाही. सप्टेंबरात रान ओलं झालं, वाफसा आला, पेरली, आणि मातीतल्या ओलीवर निघाली. पावसाच्या हिशेबात तुम्ही "मातीत ओल होऊन उडून जातं" असं एका ओळीत उडवलंत, ते मला खटकलं. तुमच्या ४३७ कोटीतला सगळ्यात मोठा वाटा त्याच ओलीचा आहे. आमचं अख्खं रान त्याच्यावर पिकतं. विहिरीतल्या ३६ कोटींसाठी भांडता आणि पायाखालच्या पाण्याला हिशेबातच घेत नाही.

ज्वारी काढणीचं वाखरीकर म्हणतात ते खरं आहे. पण कडब्याचा भाव विचारा कधीतरी. २०२४ च्या उन्हाळ्यात ज्याच्याकडे कडब्याची गंज होती त्याने जनावरं विकली नाहीत.

---

सीनाकाठ_मोहोळ

मंगळवेढेकर काका, कान पकडलात, आणि योग्य ठिकाणी पकडलात. ओलीचा रकाना घातला.

आकडे टाकून पाहिले. कारखान्यांच्या लागण नोंदीत गावचा ऊस चारशे नाही, ४६० एकर निघाला. त्यातला अडसाली निम्म्याच्या वर. ठिबक धरून एकरी सरासरी ६० लाख लिटर केलं तरी २७६ कोटी लिटर. शिवाय फळबागा. ही झाली उभी मागणी. २०२३ सारख्या वर्षात आमच्या विहिरी-बोअर आणि बंधाऱ्याला पडलेल्या पाळ्या सगळं उदार हाताने धरून १०० कोटीच्या वर जात नाही. म्हणजे उभी मागणी वाईट वर्षाच्या पुरवठ्याच्या पावणेतीन पट. भरलेल्या वर्षात मात्र आरामात बसते, आणि म्हणूनच कोणाला काही वाटत नाही.

ग्रामसभेत "ऊस बंद" असं मी बोलणार नाही. बोललो तर टिपण तिथेच फाटेल. ठेवणार आहे ते एवढंच: पहिली तीन वर्षं नवीन अडसाली लागण नाही. ज्याला ऊस करायचा त्याने ऑक्टोबरनंतर, साठा कळल्यावर, पूर्वहंगामी (ऑक्टोबर-नोव्हेंबरचा) किंवा 'सुरू' ऊस करावा. टनेज पडेल, हे लपवणार नाही. वाखरीकर दादांचं ऐकून त्यात एक भर घातलीय: अडसाली सोडणाऱ्याच्या एक एकर हंगामी पिकाला वाईट वर्षात पहिली पाळी संस्थेकडून. पाणी फुकट आणि भाव महाग असं ते म्हणाले ना, मग निदान पाण्याच्या खात्रीला तरी काही किंमत यावी.

वीस वर्षांची वाढ मी दाखवलेलीच नाही. माणसांचं पिण्याचं पाणी दुप्पट धरलं तरी बारा कोटी होतं, तो उसाच्या वीस एकरांचा खेळ आहे. बाकीची मागणी वाढणार म्हणून वाढवत न्यायची नाही, असलेल्या पाण्यात बसवायची. चेअरमन नाराज आहेत. वडील म्हणाले, वाच तर खरं.

---

पंढरपूर_वाखरी

पहिली पाळी लेखी देणार का? ठरावात? तर मग आमच्या गावातही बोलून बघतो. तोंडी आश्वासनावर एक गुंठाही कोणी मोडणार नाही. आणि जो ऐकणार नाही, अडसाली करेलच, त्याची मोटार कोण बंद करणार? सरपंचाचा मेहुणा असला तर?

---

निवृत्त_शाखा_अभियंता

लेखीच द्या. पाणी वापर संस्थेच्या सर्वसाधारण सभेत, इतिवृत्तात.

मोटारीचं वाखरीकर बरोबर बोलले. नगर तालुक्यातल्या हिवरे बाजारात शेतीला बोअर नाही आणि ऊस-केळी नाही, दर वर्षी पावसाचं माप घेऊन पिकं ठरतात. तिथे ते टिकलं, कारण पाणी त्यांच्याच शिवारात पडलेलं आणि मुरलेलं. वरून कोणी ओढत नव्हतं. तुमचं अर्ध्याहून जास्त पाणी नदीतून येतं. तुम्ही अडसाली सोडली आणि वरच्या गावाने वाढवली, तर तुमचं वाचलेलं पाणी त्यांच्या उसात जाईल आणि वर्षभरात तुमचा ठराव मोडेल.

म्हणून ग्रामसभेच्या आधी एक काम करा. तुमच्या बंधाऱ्याच्या वरचे दोन आणि खालचा एक, एवढ्या गावांच्या संस्थांना एकत्र बसवा. फक्त एकाच गोष्टीवर: पाणी सुटल्यावर आधी खालचा बंधारा भरायचा आणि मग वर चढत यायचं. टेल टू हेड. कालव्यावर हे आम्ही करून पाहिलंय, भांडणं होतात पण पाणी पोहोचतं. दारं कोणत्या दिवशी कोणी टाकायची, हे चारही गावांच्या सह्यांनी. शाखा कार्यालयाला प्रत द्या. वीजवाल्यांनाही द्या, म्हणजे दोन तास वीज कोणत्या गावाला कधी, हे त्याच क्रमाने लागेल.

---

सीनाकाठ_मोहोळ

वरच्या एका गावात माझं आजोळ आहे. त्यांच्या संस्थेचे सचिव मामाच्या शेजारचे. दुसऱ्या गावाशी आमचं दारांवरून जुनं भांडण आहे, दोन वर्षांपूर्वी पोलीस पाटलापर्यंत गेलं होतं. त्यांना बैठकीला बोलवायचं तर आमच्या गावात नको, त्यांच्याही नको. मोहोळला बाजाराच्या दिवशी सगळे येतातच. तिथेच बसवतो. लागण नोंदीची चारही गावांची यादी कोणाला मिळवता आली तर मला मेसेज करा, आमच्याकडे फक्त आमच्याच गावची आहे.